बारावीचा दाखला आणि प्रवेशाचा दरवाजा

मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या दोन्ही अंगांस जे शहर आपल्या डोळ्यांदेखत उभे राहिले, त्याची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत १,७५,६०५ होती आणि २०११ च्या जनगणनेत ती ८,०९,३७८ झाली. मिठागरांच्या कडेने इमारती आल्या, इमारतींच्या तळमजल्यांवर दुकाने आली आणि दुकानांच्या वरच्या मजल्यांवर नीट, जेईई व सीईटी ही अक्षरे ठळकपणे मिरविणाऱ्या पाट्या आल्या. विज्ञान शाखेचा जो विद्यार्थी सकाळी आपल्या महाविद्यालयाच्या वर्गात असावयास हवा, तो या पाट्यांखालच्या अरुंद जिन्याने वर चढताना दिसतो. त्याचे नाव मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर सुखाने नांदत असते. क्लास आणि महाविद्यालय यांच्यातील या सामोपचाराच्या कराराला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव आहे, आणि पालक ते नाव उच्चारताना आता किंचितही संकोचत नाहीत.

या कराराचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर जानेवारीच्या उत्तरार्धात, प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर, एखाद्या प्रयोगशाळेत डोकावावे. मी पाहिलेल्या अशा एका प्रयोगशाळेत, जिचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, ब्यूरेट खोक्यातून नुकत्याच बाहेर काढलेल्या होत्या, एका टेबलावर जर्नलांची चळत होती, आणि तीन मुली चौथीच्या जर्नलातील निरीक्षणे आपापल्या जर्नलांत उतरवून घेत होत्या. वर्षभर न केलेल्या अनुमापनाची तिन्ही वाचने दशांशापर्यंत तंतोतंत जुळत होती. बाईंनी एकापाठोपाठ एक सह्या केल्या आणि ‘सर्टिफाइड’चा शिक्का उमटला. भौतिक, रसायन व जीव या तिन्ही शास्त्रांत शंभरांपैकी ३० गुण ज्या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवलेले आहेत, त्याची ही इतिकर्तव्यता.

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. २०१८ साली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक व औरंगाबाद या विभागांतील कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्याचे फर्मान निघाले. परंतु ज्या वर्गात बसून आपल्या भवितव्यात काडीचाही फरक पडत नाही अशी मुलाची खात्री झालेली आहे, त्या वर्गात अंगठ्याचा ठसा उमटविण्याने विद्या कशी प्रवेश करणार, याचा विचार त्या फर्मानात नव्हता. मुलाची ती खात्री सर्वस्वी रास्त आहे. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीत संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गास ४५ आणि राखीव प्रवर्गास ४० टक्के मिळाले म्हणजे पुरे. त्यापुढील सारा निवाडा गणिताचे १०० आणि भौतिक व रसायन यांचे प्रत्येकी ५० मिळून दोनशे गुणांची सीईटी करते. वैद्यकीय प्रवेशास बारावीचे ५० वा ४० टक्के आणि पुढे केवळ नीट. ज्या परीक्षेत किमान मर्यादा ओलांडल्यानंतर मिळविलेल्या प्रत्येक गुणाची किंमत शून्य होते, तिच्यासाठी मुलाने दोन वर्षे मनोभावे खपावे अशी अपेक्षा करणे हा भाबडेपणा होय.

या स्थितीचे मूळ शोधू गेल्यास थोडे मागे जावे लागते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या उत्तीर्णांपैकी एक. ती मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाने आपल्या दारावर स्वतः बसविलेला पहारा होता, आणि परिणामी प्रांतातील साऱ्या हायस्कुलांचे शिक्षण त्या पहाऱ्याच्या मर्जीप्रमाणे चाले. ज्याला विद्यापीठात जावयाचेच नव्हते तोही मुलगा विद्यापीठासाठी घडविलेला अभ्यासक्रम घोकत असे. स्वातंत्र्योत्तर काळात ही परीक्षा विद्यापीठाकडून काढून मंडळाकडे सोपविण्यात आली आणि १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे राज्य मंडळ अस्तित्वात आले. शाळेने आपले काम आपल्या परीक्षेने पूर्ण करावे आणि विद्यापीठाने त्या परीक्षेच्या दाखल्यावर विश्वास ठेवून दार उघडावे, हा त्या व्यवस्थेमागील करार होता. कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालानंतर जो १०+२+३ चा आकृतिबंध आला, त्याचाही पाया हाच विश्वास.

तो विश्वास हप्त्याहप्त्याने काढून घेण्यात आला. १९९९ पासून वैद्यकीय आणि काही वर्षांनी अभियांत्रिकी प्रवेशासाठी राज्याची सीईटी आली. २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नीट अनिवार्य झाली. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी सुरू झाली, आणि कला-वाणिज्याच्या मुलासही प्रवेश परीक्षेच्या रांगेत उभे राहावे लागले. मॅट्रिकचा पहारा आपण शाळेच्या मानगुटीवरून उतरविला होता. तो आज वेगळ्या नावाने आणि अधिक कडक होऊन परत बसला आहे. फरक इतकाच की पूर्वी त्याची तयारी निदान शाळा करून घेत असे, आता ती लाखाच्या घरातील फी देऊन बाजारातून विकत घ्यावी लागते.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे न्याय्य होईल. मंडळाच्या गुणांवर विश्वास ठेवावा अशी त्यांची लायकी उरली आहे काय, असा त्यांचा सवाल आहे, आणि तो पोकळ नाही. २०२५ साली राज्यात दहावीचा निकाल ९४.१० टक्के आणि बारावीचा ९१.८८ टक्के लागला. दहावीत कला-क्रीडा इत्यादींचे वाढीव गुण धरून शंभर टक्के मिळविणारे २११ विद्यार्थी निघाले. करोनाच्या वर्षी, म्हणजे २०२१ साली, परीक्षा न होताच बारावीचे ९९.६३ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. शिवाय निरनिराळ्या मंडळांचे गुण एका तराजूत तोलावयाचे कसे, हा प्रश्न अकरावीच्या प्रवेशाने आपल्याला वर्षानुवर्षे छळला आहे. २००८ चे पर्सेंटाइल सूत्र उच्च न्यायालयात टिकले नाही, २००९ चा राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागांचा कोटा टिकला नाही, २०१० चे ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयाने फेटाळल्यावर सर्वोच्च न्यायालयात तरले, आणि २०२१ ची अकरावीची सीईटी तर होण्यापूर्वीच रद्द झाली. इतक्या ठेचा खाल्लेल्या राज्यकर्त्यांनी सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देण्याचा सोपा मार्ग पत्करला, यात नवल नाही.

तथापि सोपा मार्ग न्याय्य असतोच असे नाही. उत्तनच्या कोळीवाड्यातून बस पकडून भाईंदर स्थानकावर येणारी मुलगी आणि मीरा रोडच्या संकुलातून क्लासच्या दारापर्यंत मोटारीने सोडला जाणारा मुलगा यांना एकच प्रश्नपत्रिका मिळाली म्हणजे समता साधली, असे मानणाऱ्याने प्रश्नपत्रिकेपूर्वीच्या दोन वर्षांकडे डोळेझाक केलेली असते. ती मुलगी जे विकत घेऊ शकत नाही ते तिला महाविद्यालयाने शिकविणे हाच तिच्या बाजूचा एकमेव उपाय होता, आणि नेमके तेच महाविद्यालय आपण रिकामे केले. तामिळनाडूने २००६ मध्ये कायदा करून अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा बंद केली आणि २००७ पासून बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. ग्रामीण व पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचा विचार त्यामागे होता. आपणही अर्धी वाट चालून पाहिली होती. २०१४ व २०१५ या दोन वर्षी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेश बारावीचे गुण आणि जेईई मेन यांच्या निम्म्या-निम्म्या वाट्यावर झाले. जेईईच्या राष्ट्रीय गुणवत्ता यादीतही २०१३ ते २०१६ या काळात बारावीला ४० टक्के वाटा होता. दोन्ही प्रयोग रुजण्यापूर्वीच गुंडाळण्यात आले.

माझे मत असे की तो निम्मा वाटा बारावीला परत द्यावा, परंतु त्यापूर्वी बारावीला त्या वाट्याच्या योग्यतेचे करावे. प्रात्यक्षिकाचे गुण स्वतःच्याच विद्यार्थ्यांना देण्याची मुभा महाविद्यालयांकडून काढून घेऊन ती परीक्षा सर्वस्वी बाहेरच्या परीक्षकांकडून, आयत्या वेळी चिठ्ठीने ठरविलेल्या प्रयोगावर घ्यावी. लेखी प्रश्नपत्रिकेतील पाठांतराच्या प्रश्नांचा भाग आक्रसून अपरिचित उदाहरणांचा भाग वाढवावा. प्रत्येक मंडळाच्या गुणांचे मूल्य त्या मंडळातील विद्यार्थ्याच्या स्थानावरून ठरवावे, आणि हे सूत्र प्रवेशाच्या तोंडावर हुकमाने न लादता दोन वर्षे आधी कायद्याने जाहीर करावे. कारण प्रवेशाचे नियम ऐन हंगामात बदलणे हीच आपली जुनी खोड आहे. वर्षातून दोनदा सीईटी घेण्याचे धोरण राज्याने जाहीर केले आहे, त्याने एका दिवसाच्या दैवाचा जाच थोडा हलका होईल. पण दोन दारांवर दोन पहारे बसविल्याने शाळा भरत नाही.

याने क्लास बंद पडतील अशी माझी मुळीच कल्पना नाही. बारावीच्या गुणांसाठीही क्लास निघतीलच, पूर्वीही होते. परंतु प्रवेशाचा निम्मा निवाडा अशा बारावीवर आला म्हणजे विद्यार्थ्याला महाविद्यालयात जावे लागेल, आणि विद्यार्थी आला म्हणजे संस्थेला शिक्षक नेमावे लागतील.

शासनाचा निर्णय होईल तेव्हा होवो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. त्या पहिल्याच वर्षी नऊ हजारांहून अधिक महाविद्यालयांत सुमारे २१ लाख जागा होत्या आणि अर्ज त्याहून कितीतरी कमी होते, म्हणजे विज्ञान शाखेच्या काही मोजक्या वर्गांपुरती झुंबड वगळता निवडीची ताकद आज पालकांच्या हाती आहे. तेव्हा या शहरातील पालकांना माझी विनंती अशी, की अर्जात दहा पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्यांनी निदान पहिल्या तीन महाविद्यालयांत स्वतः जावे, गेल्या वर्षीच्या कटऑफऐवजी प्रयोगशाळेचे वेळापत्रक मागावे, आणि ते दाखविता आले नाही तर ते नाव यादीतून खोडावे.