रिकामी बाके



दोन वर्षांपूर्वी जून महिन्यातील एका पावसाळी सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. छत्री दाराशी टेकवून ते बराच वेळ काही न बोलता बसले. शेवटी म्हणाले, "फादर, पोरगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. नर्स हो म्हटले, शिक्षिका हो म्हटले; तर म्हणते, मला सिनेमा काढायला शिकायचे आहे. कॉलेजची तीन वर्षे, शहरात राहण्याचा खर्च, आणि शिकायचे काय, तर फोटो! आमच्या गल्लीतली शेंबडी पोरेसुद्धा मोबाइलवर फोटो काढतात. तुम्ही तिला दोन शब्द सांगा."

ते दोन शब्द मी सांगितले नाहीत, एवढेच पुण्य माझ्या पदरी आहे. मनातून मला त्यांचे म्हणणे पटले होते. परंतु त्याच वेळी सेमिनरीतील एक जुने पुस्तक आठवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयी जो आदेश प्रसिद्ध केला, त्यात या विद्यांचे शिक्षण धर्मगुरूंना, व्रतस्थांना आणि प्रापंचिकांनाही विनाविलंब मिळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आम्ही तो आदेश परीक्षेपुरता वाचला आणि मिटून ठेवला. आता समोर बसलेल्या बापाला व्हॅटिकनचा आदेश सांगून काय उपयोग? म्हणून मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली.

आपल्या देशातील या धंद्याचा आरंभ एका परीने प्रभू येशूच्या चरित्रापासून झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची चरित्रे अशीच पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रणाचे काम शिकलेले होतेच. १९१२ साली ते विलायतेस जाऊन चित्रपटाचे तंत्र पाहून आले. परत आल्यावर मात्र त्यांनी प्रथम राजाराणीचे नाटक उभे केले नाही. कुंडीत एक बी पेरले आणि रोज थोडेथोडे चित्र घेत महिनाभर त्याची वाढ टिपली. तो इवलासा चित्रपट पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्या शिकल्या, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

गृहस्थांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. "बी पेरून महिनाभर बघत बसायचे, हे तर आम्ही रोजच करतो," एवढेच म्हणाले. पण मुलीची फी त्यांनी भरली.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा काय शिकलीस, असे मी विचारले. मला वाटले, मोठमोठ्या यंत्रांची नावे ऐकायला मिळतील. ती म्हणाली, "फादर, पहिले तीन आठवडे आम्हाला फक्त स्थिर उभे राहायला शिकवले." मग तिने मला गंमत म्हणून तिचा धडा दिला. मोबाइल आडवा धरायचा, दोन्ही कोपरे छातीशी घट्ट लावायची, आणि मनातल्या मनात दहा अंक मोजून होईपर्यंत हलायचे नाही. मी देवळाच्या घंटेचा दोर टिपू लागलो आणि सहाव्या अंकालाच माझे हात थरथरले. दहा सेकंद हा केवढा दीर्घ काळ आहे, हे प्रवचन करणाऱ्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

त्यानंतर तिने सांगितलेले तंत्र मला आवडले, ते साधेपणामुळे. एखादे काम दाखवायचे तर प्रथम दुरून, म्हणजे जागा कळते; मग कमरेपर्यंत, म्हणजे माणूस कळतो; मग हात किंवा चेहरा अगदी जवळून, म्हणजे काम कळते. खिडकी पाठीमागे ठेवून कोणाचा चेहरा टिपायचा नाही, तो काळा पडतो. त्याला खिडकीकडे तोंड करून बसवायचे. आवाज शक्यतो तोंडाजवळच्या निराळ्या माइकवर घ्यायचा, कारण चित्र थोडे अंधुक असले तर लोक सोसतात, पण शब्द कळेनासे झाले की उठून जातात. (आमच्या देवळातील कर्ण्याविषयीही तिला काही बोलायचे होते; मी विषय बदलला.) बोलपटाच्या काळापासून पडद्यावर सेकंदाला २४ स्थिर चित्रे सरकतात आणि आपला डोळा त्यांची गती करून घेतो, हेही तिनेच मला सांगितले. हलते चित्र म्हणून जे आपण पाहतो, त्यातले एकही चित्र हलत नसते!

परंतु खरी विद्या पुढे आहे, असे तिचे म्हणणे. ती म्हणजे संकलन. दोन तास टिपायचे आणि पाच मिनिटे ठेवायची. काय ठेवायचे, काय टाकायचे आणि कशाच्या पाठीमागे काय लावायचे, यावर सारा अर्थ ठरतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला. त्यापुढे एकदा सुपाची थाळी जोडली, एकदा शवपेटीतील स्त्री, एकदा खेळणारी लहान मुलगी. पाहणाऱ्यांनी नटाची भूक वाखाणली, शोक वाखाणला, वात्सल्य वाखाणले, असे त्याचा शिष्य पुदोव्हकिन याने लिहून ठेवले आहे. चेहरा तोच होता.

हा प्रयोग तिने घरी करून पाहिला. वार्षिक परीक्षेसाठी तिला पाच मिनिटांचा चित्रपट करावयाचा होता. तिने आपल्या आजीवर केला. पहाटेची चूल, भाकरी थापणारे हात, आणि मग आजीचा चेहरा अगदी जवळून, कशाकडे तरी एकटक पाहणारा. त्या चेहऱ्याला लागून तिने भिंतीवरची तसबीर लावली: आजीचा थोरला मुलगा, जो ऐन तारुण्यात वारला. उन्हाळ्यात अंगणात चादर बांधून तिने तो चित्रपट दाखवला, तेव्हा शेजारच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मीही चष्मा पुसला. आणि आजी मोठ्याने हसली. "अगं, मी तर दूध उतू जाते का ते बघत होते!"

मुलीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "फादर, मी खोटे सांगितले का?" आठव्या आज्ञेविषयी मला जे जे ठाऊक होते ते सारे मी तिला सांगितले, आणि त्यातून तिला काहीच कळले नसावे. उत्तर आजीनेच दिले. पेज घेऊन माझ्याकडे आली असता मी सहज विषय काढला, तर म्हातारी म्हणाली, "दूध बघत होते हे खरे. पण दूध बघताना माणसाला लेकाची आठवण येत नाही, असे कुठे आहे?"

आता माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे वळतो. ती सांगण्यासाठीच हे सारे लिहिले.

दुसऱ्या वर्षी तिला संगणकावर छायाचित्रांची दुरुस्ती शिकवू लागले. फोटोशॉप नावाची जी प्रसिद्ध प्रणाली आहे ती १९९० साली बाजारात आली, परंतु चित्रात हात घालण्याची हौस त्याहून जुनी आहे. फेब्रुवारी १९८२ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड छापले, तेव्हा आडवे चित्र उभ्या पानात बसावे म्हणून संपादकांनी पिरॅमिडच एकमेकांजवळ सरकवले! आणि मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस पांढरा गुबगुबीत कोट घालून निघाले आहेत असे चित्र जगभर फिरले, ते तर कोणी टिपलेलेच नव्हते; यंत्राने रचले होते. आमच्या गावात ते मोबाइलवर पोचले तेव्हा मी स्वतः म्हणालो होतो, रोमला थंडी फार असते.

तिच्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिले होते: मूळ चित्राला हात लावू नका. त्याची प्रत काढा, प्रतीवर काम करा. प्रतीवरही एकदम रंगकाम नाही. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे थर ठेवायचे, प्रत्येक फेरफार निराळ्या थरावर. म्हणजे कोणी विचारले तर एकेक थर उचलून खाली मूळ काय होते ते दाखवता येते. उजेड कमीजास्त करणे, तिरके चित्र सरळ करणे, कडेची अडगळ कापणे, येथपर्यंत सर्वजण जातात. त्यापुढे एक हत्यार असते, चित्राचा एक तुकडा उचलून दुसरीकडे डकवण्याचे. भिंतीवरचा डाग झाकण्यास ते उत्तम.

गेल्या वर्षी ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मदिनाचा सण होता. त्या दिवशी आम्ही नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतो, हे आपणास ठाऊक आहेच. परंतु त्या वर्षी स्मशानभूमीकडे जाणाऱ्या वाटेच्या रुंदीवरून वरची गल्ली आणि खालची गल्ली यांत बिनसले होते. खालच्या गल्लीतून एकही माणूस मिस्साला आला नाही. डाव्या बाजूची मागची चार बाके ठार रिकामी. मी वेदीवरून ती पाहत होतो आणि मोठ्या आवाजात गीते गात होतो.

मुलगी सणासाठी घरी आली होती. गायकांच्या सज्जातून तिने आशीर्वादाच्या क्षणी एक सुंदर चित्र घेतले. वेदी, लोंब्या, पाठमोरी माणसे, आणि ती चार बाके. वार्षिक अहवालासोबत महागुरुस्वामींकडे चित्र पाठवायचे होते, शिवाय देवळाच्या फलकावरही लावायचे होते. मी म्हणालो, "बाळ, एवढी बाके भरून दे. पाठमोरी तर आहेत, कोणाला कळणार?" ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बरे, फादर." अर्ध्या तासात देऊळ भरले.

रविवारी मुलांनी प्रथम ओळखले. पांढऱ्या पदरावर लाल फुले असलेली एक बाई दोन ठिकाणी गुडघे टेकून बसली होती. "फादर, हिची आई दोनदा आली!" असे ओरडत पोरे हसली, मीही हसलो. सोमवारी खालच्या गल्लीतील एक वयोवृद्ध गृहस्थ आले. ज्यांच्या शब्दावर ती गल्ली उठते-बसते, ते हे. त्यांनी आधी फलकासमोर उभे राहून चष्मा लावून चित्र पाहिले, आणि मग माझ्या दाराशी येऊन, आत न येताच विचारले, "फादर, आमची बाके कोणी भरली?"

मी काहीतरी पुटपुटलो. सण सुशोभित दिसावा वगैरे.

"आम्ही आलो नाही," ते म्हणाले, "हे चांगले केले असे मी म्हणत नाही. पण आलो नाही, एवढे तरी दिसायला हवे होते. आमच्यावाचून तुमची बाके भरत असतील, तर आम्ही रुसलो काय नि मेलो काय!"

ते गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. शंभरातले एक मेंढरू हरवल्याचे त्या मेंढपाळाला कळले, कारण त्याने मोजले होते. मी नव्याण्णवांतलेच एक उचलून रिकाम्या जागी डकवले होते.

रात्री मुलीला फोन केला. माझी चूक झाली, असे म्हणालो. ती म्हणाली, "फादर, तुम्ही सांगितले म्हणून केले, पण मला तेव्हाच नको म्हणायला हवे होते." मी म्हटले, तुझ्या वयाच्या मुलीने धर्मगुरूला नको म्हणावे, अशी सवय आम्ही तुम्हाला लावलेली नाही, तो दोष तुझा नव्हे. मग ती म्हणाली, "मूळ चित्र आहे, फादर. त्याला हात लावलेला नाही."

अहवाल अजून पाठवायचा होता, ही देवाची कृपा. त्यासोबत मूळ चित्रच गेले, आणि बाके का रिकामी होती हेही मी चार ओळींत लिहिले. फलकावरचे चित्र काढून तेथे मूळ लावले. पुढच्या रविवारी मिस्सापूर्वी ते वयोवृद्ध गृहस्थ रस्त्याने जाता जाता थांबले, आवारात आले आणि फलकासमोर उभे राहिले. मी घंटेजवळ होतो. त्यांनी काचेवर बोट ठेवले. "ही तिसरी. इथे माझी आई बसायची." दुसरी घंटा झाली तेव्हा ते पायऱ्या उतरून घरी गेले.

वाटेचे भांडण अद्याप मिटलेले नाही. मोजणीदाराची वाट पाहत आहोत. गेल्या रविवारी मात्र त्या चार बाकांपैकी एकावर दोन माणसे होती. ती कोण, हे येथे लिहीत नाही. मुलगी नाताळाला घरी येणार आहे. मध्यरात्रीच्या मिस्साचे चित्र सज्जातून घे, असे तिला कळवले आहे. याहून अधिक काही कळवलेले नाही.