दूरची शाळा

परतवाड्याच्या उत्तरेस सातपुड्याची निळी रांग उभी आहे. गावाबाहेर पडून धारणीच्या रस्त्याला लागले, की घाट सुरू होतो आणि घटांग, सेमाडोह, हरिसाल अशी मेळघाटातील गावे एकामागून एक येऊ लागतात. परतवाडा ही ह्या डोंगराळ मुलखाची जुनी बाजारपेठ. मीठमिरची, कापडचोपड, औषधपाणी ह्यांसाठी डोंगरातील माणूस येथे उतरतो. परंतु एक गोष्ट अशी आहे, की तिच्यासाठी लहान मुलाने रोज डोंगर उतरून यावे, असे कोणीही म्हणणार नाही. ती गोष्ट म्हणजे विद्या. विद्येनेच डोंगर चढून मुलापर्यंत गेले पाहिजे. ती कोणत्या साधनाने जाईल, आणि त्या साधनावर आपण किती विसंबावे, ह्याविषयी मला तुमच्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

मुलांनो, दूरच्या विद्यार्थ्याला घरबसल्या शिकविण्याची कल्पना आजकालची नव्हे. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर कोठेही पत्र पाठविण्याची सोय झाली. त्याच सुमारास आयझॅक पिटमन ह्या शिक्षकाने टपालाने लघुलिपी शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थी एखादा उतारा लघुलिपीत लिहून त्याच्याकडे पाठवीत. तो त्यातील चुका दुरुस्त करून परत धाडी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. टपालाची पिशवी धडा घेऊन जाई, तशीच ती विद्यार्थ्याचे लिखाण घेऊन परतही येई.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी माणसांची वस्ती फार विरळ आहे. एका कुरणावरच्या घरापासून दुसरे घर कित्येक कोस दूर. आजारी माणसासाठी विमानाने डॉक्टर बोलाविता यावा, म्हणून तेथील घरोघरी बोलण्याऐकण्याची बिनतारी यंत्रे बसविलेली होती. १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ह्या गावी ह्याच यंत्रणेवरून मुलांची शाळा भरू लागली. आरंभी शिक्षिका बोलत आणि मुले नुसती ऐकत. परंतु लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवावा लागला. कारण उघड आहे. ज्याला शंका विचारता येत नाही, तो श्रोता होतो. विद्यार्थी होत नाही.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचे ब्रीद आहे. घरच्या अडचणींमुळे ज्यांची शाळा सुटली, शेतात किंवा कारखान्यात ज्यांचा दिवस जातो, संसाराच्या धबडग्यात ज्यांची पुस्तके मागे पडली, अशा असंख्य स्त्रीपुरुषांना ह्या विद्यापीठाने पदवीचा मार्ग मोकळा करून दिला. अमरावतीसही त्याचे विभागीय केंद्र आहे. ह्या विद्यापीठाने नुसती पुस्तके टपालाने पाठवून हात झटकले नाहीत. विद्यार्थ्याने अडचण घेऊन जावे, म्हणून गावोगावी अभ्यासकेंद्रे उघडली.

पुढे आकाशही शिक्षणाच्या कामी आले. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्षभर भारताने एक मोठा प्रयोग केला. एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. १९८४ साली पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ निघाली. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर राहून तो वर्गातील पाठ दूरदूरच्या वर्गांपर्यंत पोहोचवी. आज हा उपग्रह कामातून गेला आहे आणि बालचित्रवाणीही २०१७ साली बंद झाली. यंत्रे येतात, जुनी होतात आणि जातात. म्हणून कोणत्याही एका यंत्राच्या गळ्यात शिक्षणाची माळ घालण्यापूर्वी ते यंत्र कशासाठी हवे, हे आधी ठरविले पाहिजे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळांना कुलुपे लागली. तेव्हा तुम्ही अगदी लहान होता. त्या दिवसांत ‘ऑनलाईन’ हा शब्द प्रत्येक घरात शिरला. शहरातील मुले मोबाईलसमोर बसून धडे गिरवू लागली. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांच्यासाठी त्याच वर्षी जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. ही सोय झाली नसती, तर कित्येक मुलांचा अभ्यास पार तुटला असता. तंत्रज्ञानाचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याच दिवसांनी दुसरीही बाजू दाखविली. मोबाईलच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, की त्या अडतात आणि डोंगराआडच्या दरीत रेंज पोहोचत नाही. सपाट वऱ्हाडात एक टॉवर जेवढ्या गावांना पुरतो, तेवढ्यांना मेळघाटात तो पुरत नाही. कोकणात एका विद्यार्थिनीने डोंगरावर जेथे रेंज सापडली तेथे झोपडी उभारून अभ्यास केला, हे त्या वर्षी वृत्तपत्रांत आले होते. तिच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण विद्येसाठी एका मुलीला पावसात डोंगरावर बसावे लागले, ह्याची खंत कौतुकापेक्षा मोठी असावी. शिवाय, जेथे रेंज होती तेथेही घरात मोबाईल बहुधा एकच असे. तो वडिलांच्या खिशातून सकाळी शेतावर जाई. सायंकाळी परत आला, की भावाच्या हाती आधी पडे आणि बहिणीची पाळी शेवटी येई.

मेळघाटातील हरिसाल गावाचे उदाहरण तर आपल्या उंबरठ्यावरचे आहे. २०१६ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने हे गाव देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ करण्याचे योजिले. गावात इंटरनेट आले. दूरच्या डॉक्टरांचा सल्ला यंत्रावरून मिळावा, शाळेत पडद्यावर धडे दिसावेत, अशा सोयी करण्यात आल्या. पुढे २०१९ साली ह्यांपैकी कोणत्या सोयी चालू आहेत आणि कोणत्या नाहीत, ह्यावरून राज्यभर जाहीर वाद झाला. त्या वादात कोणाचे किती खरे, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्यातून निघणारा बोध साधा आहे. विहीर खणून भागत नाही. तिचा गाळ दरवर्षी काढावा लागतो. यंत्राचेही तसेच आहे. ज्या दिवशी ते बसविले, त्या दिवशी फुले वाहिली जातात. पण वीज गेली, तार तुटली, पडदा बिघडला, तर दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करणारा माणूस गावात किंवा जवळपास असला पाहिजे.

काही विचारवंत असे म्हणतात, की ज्या खेड्यात दहापंधराच मुले आहेत तेथे शाळा चालविण्यात काय हशील? एखादा उत्तम शिक्षक पुण्यामुंबईत बसून बोलेल आणि पडद्यावरून हजार खेड्यांतील मुले ते ऐकतील. ह्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळताना किती ओढाताण होते, हे शिक्षकाच्या जन्मास गेलेल्यालाच ठाऊक. ज्वालामुखीचा उद्रेक किंवा हृदयाचे स्पंदन शब्दांनी सांगण्यापेक्षा पडद्यावर दाखविल्यास मुलाला चटकन उमगते, हेही खरे. मग माझा आक्षेप कोठे आहे? तो ‘शाळेत यंत्र’ ह्याला नाही; ‘शाळेऐवजी यंत्र’ ह्याला आहे.

शिक्षक वर्गात शिरतो, तेव्हा त्याची नजर आधी चेहऱ्यांवरून फिरते. कोण उपाशी आले आहे, कोणाला ताप आहे, कोणाची मान ‘समजले’ म्हणून हलते पण डोळे ‘नाही’ म्हणतात, हे तो धडा उघडण्यापूर्वीच ताडतो. चार दिवस मूल आले नाही, तर त्याच्या घरी चौकशी करतो. पडद्याला हे साधत नाही. जो विद्यार्थी मोठा आहे, ज्याला वाचता येते आणि ज्याच्या मनात शिकण्याची ओढ आहे, त्याला दूरशिक्षण पंख देते. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला आधी बोट धरणारा हात हवा असतो.

आपल्याच जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे स्मरण येथे होते. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बाबा स्वतः शाळेत शिकले नव्हते. पण त्यांचे कीर्तन हीच एक मोठी शाळा होती. ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारीत, लोक उत्तरे देत, आणि त्या उत्तरांतूनच बाबा स्वच्छतेचा, कर्ज न काढण्याचा, मुलांना शिकविण्याचा पाठ त्यांच्या गळी उतरवीत. हजारोंच्या जमावातही त्यांचे कीर्तन एकतर्फी होत नसे. आजच्या ऑनलाईन वर्गाने शिकावयाचे, तर ते ह्या वऱ्हाडी संताकडून शिकावे.

यंत्र आणि शिक्षक ह्यांची जोडी जमली, म्हणजे काय घडते ह्याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले ह्या शिक्षकाने पाहिले, की मुलांची घरची भाषा कन्नड आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकांतील मजकूर त्या भाषेत आणला, आणि पुस्तकात ‘क्यूआर कोड’चे चौकोनी ठसे घालून त्यांतून कविता, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपुढे ठेवले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. येथे ठशाचे महत्त्व दुसरे. मुलाची भाषा ओळखणाऱ्या माणसाचे महत्त्व पहिले. मेळघाटातील कोरकू मुलांची घरची भाषा मराठीहून अगदी वेगळ्या कुळातली आहे. पहिल्या दिवशी शाळेत जे कानी पडते ते त्यांना परके वाटते. त्यांच्या आजीने सांगितलेल्या गोष्टी, त्यांची गाणी, त्यांचे शब्द जर ध्वनिमुद्रित होऊन शाळेच्या यंत्रात आले, तर त्या यंत्राचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

आता तर प्रश्नाला मराठीत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रेही आली आहेत. ज्याला रात्री शंका आली आणि विचारावयास जवळ कोणी नाही, त्याला ती उपयोगी पडतील. परंतु गणित स्वतः न सोडविता त्याचे उत्तर यंत्राकडून उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास खाणे होय. त्याने पोट भरले असे वाटते. दात मात्र दुबळे राहतात. आणि हे यंत्रही चुकते. त्याचे उत्तर पुस्तकाशी आणि शिक्षकांशी ताडून पाहावे.

पिके निघाली, की मेळघाटातील पुष्कळ कुटुंबे कामासाठी डोंगर उतरून परमुलखात जातात आणि होळीच्या सणाला परततात. आईबापांबरोबर मूलही जाते आणि शाळा मागे राहते. अशा मुलाचा धडा, त्याची प्रगती आणि त्याच्या गुरुजींचा आवाज जर त्याच्यामागून जाऊ शकला, तर तुटलेला धागा सांधला जाईल. दूरशिक्षणाचे खरे भविष्य मला येथे दिसते. शहरातल्या मुलाला दहावे साधन देण्यापेक्षा ह्या मुलाला पहिले साधन देणे अधिक अगत्याचे आहे.

म्हणून शिक्षणाचे कोणतेही नवे यंत्र पुढे आले, की त्याला तीन प्रश्न विचारावेत. तू शेवटच्या वस्तीवरील शेवटच्या मुलीपर्यंत पोहोचतोस काय? तू तिच्या भाषेत बोलतोस काय? आणि तिची शंका तू परत शिक्षकापर्यंत नेतोस काय? ह्या तिन्हींना ‘होय’ असे उत्तर मिळाले, तर त्या यंत्राचे आनंदाने स्वागत करावे.

मुलांनो, तुमच्यांपैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी शिक्षक होईल, कोणी अशी यंत्रे घडवील. तुमच्या यंत्राची कसोटी शहराच्या चौकात घेऊ नका. तेथे सगळीच यंत्रे चालतात. सेमाडोहच्या पलीकडे, जेथे रस्ता संपून पायवाट लागते, तेथील शाळेत ते घेऊन जा. तेथल्या एखाद्या मुलाने हात वर करून, “गुरुजी, हे मला समजले नाही,” असे म्हटले आणि त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकले, तर तुमचे यंत्र उत्तीर्ण झाले असे समजा.