आयडियल ऑप-अँप आणि न विझणारा एलईडी

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि डोकं तापलेलं. त्यामुळे आजचा लेख जरा तिखट होणार आहे. इंजिनिअरिंगनंतर ज्यांनी सोल्डरिंग आयर्नला पुन्हा हात लावला नाही (म्हणजे इथे येणाऱ्यांपैकी बरेच जण, आपण सगळे त्याच वाटेने आयटीत आलो) त्यांनीही वाचा. विषय एलईडीचा आहे, पण भांडण शिकवण्याशी आहे.

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, "आयडियल ऑप-अँपची वैशिष्ट्यं सांग." पाढे म्हटल्यासारखं उत्तर येईल. इन्फिनिट गेन, इन्फिनिट इनपुट इम्पीडन्स, झीरो आउटपुट इम्पीडन्स, इन्फिनिट बँडविड्थ. आता त्याच माणसाला विचारा, "७४१ च्या आउटपुटमधून जास्तीत जास्त किती करंट मिळतो?" शांतता. "एलएम३५८ ला ५ व्होल्टचा सप्लाय दिला तर आउटपुट कितीपर्यंत वर जाईल?" "पाच." चूक. साधारण साडेतीन.

आमच्या वेळीही हेच होतं आणि आजही हेच आहे. माझं म्हणणं असं की आयडियल ऑप-अँपचे हे पाढे, त्यांच्या मर्यादा त्याच तासाला न सांगता शिकवणं, हे न शिकवण्यापेक्षा वाईट आहे. न शिकलेला पोरगा निदान मल्टीमीटर लावून बघतो. पाढे शिकलेला मल्टीमीटरवरच संशय घेतो.

उदाहरण घरचंच. माझी भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉलेजमध्ये अंधार पडला की दिवा लावणारं सर्किट करायचं होतं. एक एलडीआर, एक पॉट, कंपॅरेटर म्हणून ७४१, आउटपुटला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी, सगळं ९ व्होल्टच्या बॅटरीवर. हे सर्किट इंटरनेटवर ढिगाने सापडतं. अंधार केला की एलईडी पेटायचा, पण उजेडात विझायचा नाही. मंद का होईना, पेटलेलाच. लॅबमधले सर म्हणाले, "आयसी खराब आहे, बदल." तिने बदलला. मग अजून एक बदलला.

"मामा, तीन आयसी झाले. तिन्ही खराब कसे असतील?"

प्रश्न बरोबर होता. तिन्ही आयसी ठणठणीत होते. मी तिला एवढंच सांगितलं, की आउटपुट लो असताना सहा नंबरच्या पिनवर मीटर लाव. दोन व्होल्टच्या आसपास आलं. ती म्हणाली, "पण लो म्हणजे झीरो ना?"

हे "लो म्हणजे झीरो" तिला कुणी शिकवलं? त्याच पाढ्यांनी.

आता जरा मागे जाऊ. ७४१ हा डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्डमध्ये डिझाइन केला, साल १९६८. त्याआधीच्या ७०९ ला बाहेरून कॉम्पेन्सेशन जोडावं लागायचं, यांनी ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच टाकला आणि वापरणाऱ्यांची कटकट संपवली. अफाट यशस्वी चिप. पण ती प्लस-मायनस १५ व्होल्टच्या जगातली आहे. तिथे वरच्या आणि खालच्या टोकाला व्होल्ट-दीड व्होल्ट सुटला तर कुणाला फरक पडत नव्हता. आतल्या ट्रान्झिस्टरांना काम करायला तेवढी जागा लागतेच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४१ च्या डेटाशीटमध्ये ±१५ वर, १० किलोओहमच्या लोडला, आउटपुट ±१४ टिपिकल आणि ±१२ मिनिमम असं लिहिलंय. लोड २ किलोओहम केला की तेच ±१३ आणि ±१०. म्हणजे करंट जास्त मागितला की व्होल्टेज आणखी आखडतं. आणि शिफारस केलेला सप्लाय सुरूच होतो ±५ पासून. एकूण १० व्होल्ट! आपण मुलांना ९ व्होल्टच्या बॅटरीवर तोच आयसी लावायला देतो आणि मग म्हणतो खराब आहे.

तर भाचीच्या सर्किटमध्ये लो म्हणजे दोन व्होल्ट. लाल एलईडीला अगदी थोड्या करंटवर साधारण १.७ लागतात. उरले ०.३ व्होल्ट, भागिले ३३०, म्हणजे जवळपास १ मिलिअँपिअर. जुने लाल एलईडी एवढ्या करंटवर दिवसा उजेडात जेमतेम दिसायचे, म्हणून जुन्या पुस्तकांतली सर्किटं खपून गेली. हल्लीचे १ मिलिअँपिअरवर चक्क दिसतात. एलईडी सुधारला आणि सर्किटचं पितळ उघडं पडलं.

तिथे एलएम३५८ लावला (पिना वेगळ्या आहेत, एका पॅकेजमध्ये दोन ऑप-अँप असतात, त्यामुळे वायरिंग बदलावं लागलं) आणि एलईडी गपगुमान विझला. एलएम३५८ चं आउटपुट जवळजवळ ग्राउंडपर्यंत खाली येतं. वर मात्र सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्ट कमी. ९ व्होल्टवर वरचं टोक साडेसात, त्यातून एलईडीचे १.९ वजा, भागिले ३३०, म्हणजे १७ मिलिअँपिअर. डेटाशीट किमान २० ची हमी देतं. बसतंय.

पण याच एलएम३५८ ला ५ व्होल्टवर पांढरा एलईडी लावा. पाढेवाला हिशोब करतो : ५ वजा ३.२, भागिले १५० ओहम, १२ मिलिअँपिअर. प्रत्यक्षात आउटपुट साडेतीनला अडतं. साडेतीन वजा ३.२ म्हणजे ०.३, भागिले १५०, २ मिलिअँपिअर. बाराचे दोन! मग "रेझिस्टर कमी करून बघ" सुरू होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि "ग्राउंडपर्यंत खाली येतं" यातही एक मेख आहे, जी मला कुणी वर्गात सांगितलेली आठवत नाही. एलएम३५८ चं आउटपुट ०.२ व्होल्टवर असताना तो किती करंट गिळू शकतो? टिपिकल ५० मायक्रोअँपिअर, मिनिमम १२. मिलि नाही, मायक्रो. एलईडी आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये असेल तर काही अडत नाही, कारण लो असताना गिळायला करंटच नसतो. एलईडी सप्लाय आणि आउटपुटच्या मध्ये उलटा टाकला तर मात्र आउटपुट ०.२ वर राहत नाही, वर सरकतं. एकच पिन, पण करंट बाहेर देताना तिचा स्वभाव एक आणि आत घेताना दुसरा. "झीरो आउटपुट इम्पीडन्स" या तीन शब्दांत हे कुठे बसतं सांगा.

आता माझा सर्वात लाडका शत्रू. "ऑप-अँपला शॉर्ट-सर्किट प्रोटेक्शन असतं, त्यामुळे एलईडीला रेझिस्टर नको." हे वाक्य मी शिकवणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि चांगल्या पगारावरच्या माणसांच्याही.

हिशोब करू. ७४१, ±१५ सप्लाय, आउटपुट पूर्ण हाय, थेट लाल एलईडी ग्राउंडला. एलईडी २ व्होल्टवर अडकवून ठेवतो. ७४१ जोर लावत लावत करंट लिमिटला जाऊन बसतो, टिपिकल २५ मिलिअँपिअर. सप्लायच्या १५ पैकी २ एलईडीवर पडले, बाकी १३ कुठे गेले? चिपमध्ये. १३ गुणिले २५, ३२५ मिलिवॅट. नॅशनलच्या एलएम७४१ ची मर्यादा ५०० मिलिवॅट आहे. जळणार नाही, पण बोट ठेवून बघा. आणि तो २५ चा आकडा म्हणजे काही डिझाइन नव्हे. डेटाशीटमध्ये मॅक्सिमम ४० आहे आणि मिनिममचा रकाना रिकामा. रिकामा! म्हणजे कंपनी म्हणते, हे फ्यूजसारखं आहे, अपघातात आयसी वाचावा म्हणून. आपण त्याच्यावर रोजचा संसार मांडतो. पाच रुपयेही न पडणारा रेझिस्टर वाचवण्यासाठी.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. एखादं फंक्शन एरर टाकतं म्हणून आपण तो एररच रिटर्न व्हॅल्यू म्हणून वापरत नाही. कुणी वापरला तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची काय पूजा होते ते सर्वांना माहीत आहे. आणि "माझ्या ब्रेडबोर्डवर पेटला" हे "माझ्या मशीनवर चालतं"चं सख्खं भावंड.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "आधी आयडियल, मग प्रॅक्टिकल. फिजिक्समध्येही आधी घर्षण नाही असं धरतोच की." हे उत्तर मी गंभीरपणे घेतो, कारण ते अर्धं खरं आहे. मॉडेल लागतंच. आयडियल ऑप-अँपशिवाय फिल्टरचं एक समीकरणही कुणी लिहू शकणार नाही. पण घर्षण नाही असं धरणाऱ्या मुलाने आयुष्यभर घर्षण अनुभवलेलं असतं. शाळेच्या फरशीवरून घसरलेला असतो तो. "हे धरलंय, खरं नाही" हे त्याला न सांगता कळतं. ऑप-अँप त्याने कधी पाहिलेलाच नाही. त्याच्यासाठी पहिलं मॉडेल हेच वास्तव. आणि ते "मग प्रॅक्टिकल" कधी येतं? सेमिस्टर संपतं, जर्नलवर सही होते, कॅम्पस सुरू होतो. येतच नाही.

खरं तर सांगायला किती लागतं? ऑप-अँप व्होल्टेज मागतो. करंट किती जाणार ते लोड ठरवतो. आणि दोन्ही गोष्टी सप्लायच्या आणि आतल्या ट्रान्झिस्टरच्या ऐपतीत बसल्या तरच मागितलेलं मिळतं. फीडबॅक असेल तर तपासणीही सोपी आहे : दोन्ही इनपुट पिनांमध्ये मीटर लावा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ऑप-अँप ताब्यात आहे. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर त्याने हात टेकलेत, आणि तुमचा "व्हर्च्युअल शॉर्ट" त्या क्षणी कागदावरच आहे. (कंपॅरेटर म्हणून वापरलाय तर हे लागू नाही, तिथे इनपुट वेगळेच असतात.)

ज्याला एलईडीचा प्रकाश नीट नियंत्रित करायचाय त्याने तर ऑप-अँपकडून एलईडीचा करंट मागूच नये. एलईडी करंटवर चालतो, तेव्हा करंटच मोजा. एक एनपीएन ट्रान्झिस्टर, त्याच्या एमिटरपासून ग्राउंडला १० ओहम, कलेक्टर आणि सप्लायच्या मध्ये एलईडी. एमिटरवरून मायनस इनपुटला फीडबॅक, आउटपुट बेसला. प्लस इनपुटला ०.२ व्होल्ट दिले की एलईडीतून २० मिलिअँपिअर, मग तो लाल असो वा पांढरा. ऑप-अँपला द्यावे लागतात बेससाठी एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, आणि त्याचं आउटपुट असतं ०.९ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ५ व्होल्टवरचा एलएम३५८ ही खुशीत. १० ऐवजी १०० ओहम टाकून २ व्होल्ट द्यायचा मोह होईल, कारण आकडे मोठे आणि ऑफसेटची चूक लहान. पण मग ५ व्होल्टवर पांढरा एलईडी गेला : ३.२ अधिक २ म्हणजे ५.२, आणि ट्रान्झिस्टरला अजून काहीच मिळालेलं नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे, दुसरं काय.

"रेल-टू-रेल घ्या, प्रश्न मिटला" असं म्हणणारेही आहेत. घ्या ना. एमसीपी६००२ छान आहे, १.८ व्होल्टपासून चालतो. पण त्याचा शॉर्ट-सर्किट करंट ५.५ व्होल्टवर २३ मिलिअँपिअर आहे आणि १.८ वर ६. रेलपर्यंत जाणं वेगळं आणि ओझं घेऊन रेलपर्यंत जाणं वेगळं.

मला कुणी विचारणार नाही, पण अभ्यासक्रमात एकच प्रॅक्टिकल घालायची मुभा मिळाली तर हे घालीन. ७४१ चा फॉलोअर, ±१२ सप्लाय, इनपुट ५ व्होल्ट. आउटपुटवर १० किलोओहम, मग १ किलोओहम, ५००, २००, १००. प्रत्येक वेळी आउटपुट व्होल्टेज, करंट आणि दोन व तीन नंबरच्या पिनांमधला फरक लिहायचा. २०० ओहमच्या आसपासपर्यंत ५ व्होल्ट जागचे हलणार नाहीत, पाढे तंतोतंत खरे ठरतील. १०० वर आउटपुट अडीचच्या घरात येईल, इनपुट अजून पाचच, आणि चिप कोमट. लागणारं सामान प्रत्येक लॅबच्या कपाटात आत्ता पडलेलं आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हा वेगळा लेख होईल.