ममी पाहण्याआधी पेटी समजून घ्या

शाळेच्या सहलीचा विषय निघाला की बडोद्याचे नाव हमखास पुढे येते. सुरतेहून रेल्वेने जेमतेम दोन-अडीच तासांचा प्रवास, आणि गाव आपल्या सयाजीराव महाराजांचे. १८९४ साली उभ्या राहिलेल्या तेथील संग्रहालयात मुलांना सर्वांत ओढ असते ती इजिप्तच्या ममीची. परतल्यावर मात्र "आम्ही भूत पाहिले!" एवढेच कानी येते. मग काही पालक विचारतात, लहान मुलांना मृतदेह दाखवावाच कशाला?

आम्हांला वाटते, जरूर दाखवावा. पण पूर्वतयारी करून. ती तयारी रंगीत लाकडी शवपेट्यांपासून सुरू व्हावी.

इजिप्तमध्ये चांगले लाकूड दुर्मिळ. श्रीमंतांसाठी लेबनॉनहून देवदार येई. इतरांच्या पेट्या उंबराच्या जातीतल्या स्थानिक झाडाच्या लहानमोठ्या फळ्या खुंट्यांनी जोडून बनवीत. भेगा बुजवून वर खडू व सरसाचा पांढरा लेप देत आणि त्यावर चित्रे रंगवीत. निळा रंग वाळू, चुना आणि तांबे भट्टीत भाजून केलेला असे. कित्येक पेट्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूस आकाशदेवता नूत रंगवलेली दिसते, जणू मृतावर मायेचे पांघरूणच. २०२० साली सक्कारा येथे शंभराहून अधिक बंद पेट्या सापडल्या. सुमारे अडीच हजार वर्षांनंतरही अनेकींचे रंग टवटवीत होते.

पेटीवर मृताचे नावही लिहीत. तयार पेट्यांवर नावापुरती जागा कोरी ठेवीत. नाव राहिले तर माणूस राहतो, ही त्यांची श्रद्धा. २०१२-१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेस्पेरेन्नुब या पुजाऱ्याची ममी प्रदर्शनासाठी आली होती. सुमारे २८०० वर्षांपूर्वीच्या या माणसाला आज आपण नावाने ओळखतो.

आपणही श्राद्धात पितरांचे नाव-गोत्र उच्चारूनच पाणी देतो. हे साम्य मुलांना समजले, तर काचेपलीकडे त्यांना भूत दिसणार नाही. कुणाच्या तरी घरचे माणूस दिसेल.

म्हणून आमची विनंती : शिक्षकांनी सहलीआधी एक तास या विषयाला द्यावा. विश्वस्तांनी ग्रंथालयासाठी एखादे सचित्र पुस्तक घ्यावे. पालकांनी घरी भुताच्या गोष्टींऐवजी आजी-आजोबांच्या आठवणी सांगाव्यात. आणि विद्यार्थी मित्रांनो, ममीसमोर क्षणभर शांत उभे राहा.