झुंबरांत न दिसलेला किल्ला

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादाचा दरबार पाहावयास जो प्रवासी येतो त्याची नजर प्रथम छताकडे नेली जाते. आणि प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची म्हणून सांगितली जाणारी ती दोन झुंबरे, ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्याकरिता गच्चीवर हत्ती चढविले होते ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकीकत, भोजनाच्या लांब मेजावरून पाहुण्यांपुढे मद्य व चिरूट फिरविणारी ती चांदीची चिमुकली आगगाडी, एवढे सारे ऐकून व पाहून झाले म्हणजे तो आपल्या घराच्या चार खोल्या मनातल्या मनात मोजीत बाहेर पडतो. हा प्रासाद जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली सर मायकेल फिलोज यांच्या हातून बांधविला. आणि पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेल्या इंग्लंडच्या युवराजाची १८७५-७६ मधील हिंदुस्थानची भेट लक्षात घेता, या दिमाखाचे प्रयोजन काय होते हे वेगळे सांगावयास नको. तो दिमाख दाखविण्यासाठीच होता, आणि ज्याला दाखवावयाचा त्याने तो पाहिला.

परंतु त्याच प्रासादाच्या आवारात उभे राहून उत्तरेकडे मान वर केली, तर जो किल्ला दिसतो त्याची त्या वेळची कैफियत या झुंबरांत कोठेच उमटलेली नाही. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आली, शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली, आणि जयाजीरावांना आग्र्यास जाऊन इंग्रजांचा आश्रय घ्यावा लागला. इंग्रजांनी त्यांना त्यांचे शहर परत जिंकून दिले, पण किल्ला दिला नाही. तो १८८६ पर्यंत इंग्रजी शिबंदीच्या ताब्यात राहिला, आणि झाशीच्या मोबदल्यात जेव्हा परत मिळाला, त्याच वर्षी जयाजीरावांचा अंत झाला. म्हणजे ज्या बारा वर्षांत हा राजा या स्फटिकांच्या प्रकाशात दरबार भरवीत होता, त्या सबंध बारा वर्षांत त्याच्या स्वतःच्या दुर्गावर परक्यांचा पहारा होता, आणि खिडकीचा पडदा सारला की तो त्याला दिसत होता. एखाद्या लहानशा संस्थानचा अधिपती त्या काळी जयविलास पाहून गेला असेल आणि आपल्या दैन्याने रात्रभर तळमळला असेल, तर शिंद्यांची ती खिडकी त्याला कुणी दाखविली असेल काय?

जयविलास खोटा होता असे मला म्हणावयाचे नाही. त्याच्या भिंती खऱ्या आहेत, त्याची बिलोरी काच खरी आहे, आणि पाहुण्यांचे आगतस्वागत थाटाने करण्याची हौस ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आम्हा लष्करकरांच्या रक्तातलीच आहे. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की जे दाखविले गेले ते अपुरे होते, आणि अपुरे असूनही ते पूर्ण म्हणून पाहिले गेले. आज ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनवर सकाळ-संध्याकाळ जी छायाचित्रे उतरत असतात आणि ज्यांच्याशी आपले जिणे ताडून पाहून भली शहाणी माणसे खिन्न होतात, त्या दुःखाचे मूळ मला येथे दिसते.

छायाचित्राची ही कला काही आज बिघडलेली नाही. मध्य हिंदुस्थानचे एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ साली लाला दीनदयाळ फिरले आणि त्यांनी ग्वाल्हेरची जी छायाचित्रे घेतली ती आजही पाहणाऱ्याला थक्क करतात; आणि काचेच्या त्या निगेटिव्हांवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्याच्या सुरकुत्या बुजविण्याचा हुन्नर त्या पिढीच्या कारागिरांना पुरता अवगत होता. पुढे गावोगाव स्टुडिओ निघाले. तेथे रंगविलेला पडदा असे, पडद्यावर संगमरवरी कठडा व कारंजे असे, आणि मासिक पगारावर कसाबसा गुजारा करणारा कारकून त्या कारंज्यापुढे शेला-पागोटे घालून, हातात पुस्तक धरून, संस्थानिकासारखा बसे. लष्करातल्या जुन्या मराठी घरांतून, दौलतगंजापासून महाराजबाड्यापर्यंत, अशी चित्रे दिवाणखान्यात अजूनही टांगलेली आढळतील. पण तेव्हा असे चित्र एखाद्याच्या उभ्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा, निघे. शिवाय ज्या भिंतीवर ते टांगलेले, तिच्याच पलीकडच्या खोलीत तो कारकून दम्याने खोकत असे, महिनाअखेरीस वाण्याची उधारी लिहीत असे, मुलांवर चिडत असे आणि मग त्यांच्या डोक्यावरून हात फिरवीत असे. चित्र आणि माणूस एकाच छपराखाली नांदत होते, आणि माणसाचा सहवास चित्राचा अतिरेक रोजच्या रोज दुरुस्त करीत होता.

आमच्या शहराने चित्र आणि माणूस यांची फारकत त्यानंतर फार जवळून पाहिली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आणि १९५१ च्या कायद्याने जहागिरी खालसा झाल्या. सनदा, शिक्के आणि जुन्या दप्तरांचे रुमाल माळ्यावर गेले. काही घरांतून मागचा चौक भाड्याने दिला गेला, काही घरांतून चांदीची भांडी मुकाट्याने सराफ्यात पोहोचली. दिवाणखाना मात्र तसाच राखला गेला. पाहुणा यावयाचा तो दिवाणखान्यात, आणि पानसुपारी, अत्तरगुलाब घेऊन जावयाचा तो तेथूनच. ज्या वृद्ध स्त्रिया स्वतः एकवेळ जेवून हा दिवाणखाना राखीत होत्या त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, कारण त्यात कुणाला खिजविण्याचा हेतू नव्हता. कुळाची अब्रू सांभाळण्याची ती एक करुण धडपड होती. तथापि त्या धडपडीची किंमत शेजारच्या घरानेही मोजली. तेथील सुनेला वाटे, की सगळ्या लष्करात हलाखी काय ती आपल्याच घरी आली आहे. भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरे एकच दुःख एकमेकांपासून लपवीत होती.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली या विषयाची जी उपपत्ती मांडली ती आमच्या या अनुभवाशी तंतोतंत जुळते. आपली योग्यता मोजण्यास जेथे निश्चित माप नसते तेथे माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहतो, आणि तो दुसरा बहुधा आपल्यासारखाच असावा लागतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणूनच लष्करातल्या कारकुनाला शिंद्यांचे वैभव सलत नव्हते. दसऱ्याची स्वारी तो रस्त्याच्या कडेला उभा राहून आनंदाने पाही आणि घरी येऊन स्वस्थ झोपे. त्याला सले तो बरोबर शिकलेला, एकाच कचेरीत लागलेला आणि आपल्याआधी बढती मिळविलेला सोबती. आजचे यंत्र नेमके याच सोबत्याला दिवसातून शंभर वेळा आपल्यापुढे आणून उभे करते, आणि तेही दसऱ्याच्या पोशाखात. २००९ साली फेसबुकने पसंतीचा अंगठा आणला तेव्हापासून तर त्या पोशाखाला किती जणांनी मान डोलावली याचा हिशेबही चारचौघांत मांडला जाऊ लागला. इन्स्टाग्राममुळे कोवळ्या वयाच्या मुलींपैकी तिघींत एकीच्या मनातला आपल्या देहाविषयीचा असंतोष वाढतो, हे त्या कंपनीच्याच अंतर्गत टिपणात नमूद होते, आणि २०२१ साली एका अमेरिकन वृत्तपत्राने ते उघडकीस आणले. ज्यांनी हे यंत्र घडविले त्यांना त्याचा परिणाम ठाऊक होता, हे माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत गंभीर कलम आहे.

माझी एक भाची येथेच एका शाळेत शिकविते. तिच्या वर्गातली मुले तिच्यावर जीव टाकतात, आजारी आईचे सारे ती एकटी करते, आणि रात्री आई झोपल्यावर, जो अर्धा तास तिचा स्वतःचा म्हणून उरतो, त्यात ती मैत्रिणींची चित्रे पाहते. एक बेंगळुरात आहे, एक सिंगापुरात, एकीने पुण्यात घर घेतले. मागे एकदा ती मला म्हणाली, ‘‘मामा, सगळ्यांचं पुढे गेलं, माझंच काय ते इथे थांबलंय.’’ तिचे काय थांबले आहे, हे मी तिला विचारले, तेव्हा तिला ते सांगता येईना. एका कर्तृत्ववान स्त्रीला आपल्याच कर्तृत्वाचा पत्ता लागू नये, इतका तो परप्रकाश डोळे दिपविणारा आहे, याचा मला संताप येतो आणि फार वाईटही वाटते.

आणि परदेशी गेलेल्यांची बाब याहून गुंतागुंतीची आहे. लष्करातल्या कित्येक मराठी घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. बर्फात उभी असलेली मोटार, हिरवळीवर खेळणारी नात, शरद ऋतूतली लाल-पिवळी झाडे अशी चित्रे येथे येतात आणि आजी-आजोबा ती शेजाऱ्यांना दाखवितात. नोकरी सुटली तर एच-वन-बी परवान्यावरच्या माणसाला दुसरी शोधण्यास सामान्यतः साठच दिवसांची मुदत असते, नोकरीवर आधारलेल्या कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सामान्यतः सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत आणि त्यामुळे हिंदी अर्जदारांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही, या गोष्टी त्या हिरवळीत दिसत नाहीत. उलट दिशेनेही हेच घडते. आपण येथून गौरी-गणपतीची आरास पाठवितो, अंगणातली रांगोळी पाठवितो, संध्याकाळच्या उन्हात सोनेरी झालेला किल्ला पाठवितो. आणि तिकडे एकट्या खोलीत जेवणारा मुलगा ते पाहून मनात म्हणतो, की सुख तर सगळे तेथेच राहिले. ज्या उन्हाळ्यात तिघऱ्याच्या धरणाचे पाणी एकदिवसाआड येते त्या उन्हाळ्याचे, वडिलांच्या डोळ्यांत उतरू लागलेल्या मोतीबिंदूचे, किंवा संध्याकाळी दाराशी बसून वाट पाहण्याजोगे कुणीच उरले नाही याचे चित्र त्याला कुणी पाठवीत नाही. पुत्र आईवडिलांचा हेवा करतो, आईवडील शेजाऱ्याच्या पुत्राचा; आणि दोन्हीकडे कोणी लबाड नाही. त्यांचे एकमेकांवर प्रेम आहे म्हणूनच ते एकमेकांपासून लपवितात.

तुलना ही मुळातच पापमूलक, ती टाकून द्यावी, असा उपदेश पुष्कळ जण करतात. मला तो पटत नाही, आणि ग्वाल्हेरच्या माणसाला तो पटू नये. आमची गायकी तुलनेतूनच वाढली. दौलतराव शिंद्यांच्या पदरी असलेल्या बडे महंमदखाँचे गाणे तरुण हस्सूखाँ-हद्दूखाँ यांनी पडद्याआड बसून ऐकले आणि पुढे भर दरबारात ते त्यांच्यापुढेच गाऊन दाखविले. दुखावलेले खाँसाहेब निघून गेले, आणि पुढे एका मैफलीत त्यांनी आग्रहाने मागितलेली एक भयंकर तान घेताना हस्सूखाँची बरगडी निखळली व तेच त्यांच्या अंताचे कारण झाले, अशी आख्यायिका घराण्यात सांगतात. तिचा अक्षरशः खरेखोटेपणा इतिहासकारांनी ठरवावा. मला तिचा मथितार्थ असा दिसतो, की पडद्याआडून स्वर ऐकू येतो, पण तो स्वर ज्या छातीतून निघाला तिची घडण ऐकू येत नाही. याच हस्सूखाँच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकावयास बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हाल सोसीत ग्वाल्हेरास आले तेव्हा त्यांना जे मिळाले ते पडद्याअलीकडचे होते. गुरुगृही राहणाऱ्या शिष्याला गुरूची मैफल जशी ऐकावयास मिळे तसा पहाटेचा जड आवाजही. शंभरदा घोटून न जमलेला पलटा, आजारपण, वैताग आणि पुन्हा बसणे, हे सर्व त्याच्या डोळ्यांपुढे घडे. त्या शिष्याचीही गुरूशी तुलना होतच होती, परंतु सबंध माणसाशी होत होती, आणि म्हणून ती त्याला खचवीत नसे, चालवीत असे. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजला तो प्रामुख्याने बाळकृष्णबुवांनी घेतलेल्या त्या तालमीतून.

तेव्हा फोन विहिरीत टाका, असे मी सांगणार नाही. माझ्या भाचीला मी एवढेच सुचविले, की ज्या मैत्रिणीचे चित्र पाहून मन फार खट्टू होते तिला त्याच रात्री फोन लावावा आणि तिची खुशाली सावकाश, नीट विचारावी. बेंगळुरातल्या मैत्रिणीशी ती तासभर बोलली. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. ते त्या दोघींचे आहे.

दूर राहणाऱ्या ग्वाल्हेरकर मुलामुलींना मात्र माझी एक कळकळीची विनंती आहे, आणि ती येथे राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांनाही तितकीच आहे. चित्रे अवश्य पाठवा. सणाचा दिवस सणासारखाच दिसावा. पण येत्या रविवारी घरी बोलाल तेव्हा आठवड्यात काय बिघडले तेही सांगा. नोकरीची धास्ती असेल तर ती सांगा, गुडघा दुखत असेल तर तो सांगा, एकटे वाटत असेल तर तसे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि पलीकडून कुणी असे सांगू लागले तर लगेच धीर देण्याची घाई न करता आधी ते पुरते ऐकून घ्या.