आजीच्या गुडघ्यांना विचारा, मग रूम बुक करा

सुट्ट्या जवळ आल्या की मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये एक नवीन टूर मॅनेजर तयार होतो. वय अठरा ते तेवीस, हातात फोन, आणि तोंडात एकच वाक्य, "आई, रूम बुक करून राहिलो, लवकर हो म्हण." पूर्वी सहल बाबा ठरवायचे. रेल्वेचं टाइमटेबल त्यांच्याकडे, पैसे त्यांच्याकडे आणि ओळखीही त्यांच्याच. आता पैसे अजून त्यांचेच आहेत, पण निवड तुमच्या बोटावर आली आहे. पाच माणसांचे तीन दिवस कसे जाणार, हे तुम्ही दहा मिनिटांत, मेट्रो उज्ज्वलनगरला येईपर्यंत ठरवून टाकता. म्हणून आजचं हे बोलणं थेट तुमच्याशी.

विषय साधा वाटेल. थीम पार्कला जायचंय, तर हॉटेल कुठलं घ्यायचं? नागपूरकरांसाठी हा प्रश्न आता नेहमीचा झालाय. 1989 मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा तो उठलाच नव्हता. मुंबईकर सकाळी बोटीने जायचे आणि रात्री घरी परतायचे. आपण गेलोच तर मामाकडे नाहीतर आत्याकडे उतरायचो. हॉटेलात राहिलो असतो तर मामी वर्षभर बोलली नसती. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं, दोन वर्षांनी त्याच्या दाराशीच हॉटेल उभं राहिलं. पार्क आणि मुक्काम हे एकच पॅकेज झालं. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर पूर्ण खुला झाला, तेव्हापासून गाडीने तिकडे जायचा बेतही नागपुरात होऊ लागला.

पण खरं सांगायचं तर आपली पावलं जास्त करून दक्षिणेकडे वळतात. हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. तिथे 1996 पासून रामोजी फिल्म सिटी आहे. दीडहजार एकरांहून मोठा पसारा, 'बाहुबली'चा सेट, लाल बसमधून फिरवणं, सगळं काही. 2016 पासून शहराच्या दुसऱ्या अंगाला वंडरलाही आहे. सप्टेंबर 2024 मध्ये नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली. पहाटे निघा, दुपारी सिकंदराबादला उतरा. तेव्हा आपण हैदराबादचंच उदाहरण घेऊ.

पहिला पेच अंतराचा. रामोजी फिल्म सिटी हैदराबादमध्ये आहे असं म्हणतो खरं, पण ती शहरात नाही. विजयवाडा रस्त्यावर, हयातनगरच्याही पुढे आहे. सिकंदराबाद स्टेशनपासून पस्तीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तुम्ही स्टेशनजवळ स्वस्त रूम घेतली, तर पार्कच्या दिवशी जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, तेही महानगराच्या ट्रॅफिकमधून. मेट्रो आहे, पण ती एल. बी. नगरला संपते. तिथवर पोचायलाही सिकंदराबादहून एकदा गाडी बदलावी लागते आणि पुढे बस किंवा टॅक्सी. तुम्ही मित्रांसोबत असाल तर ही मजाच. आजी सोबत असेल तर ही शिक्षा.

दुसरा पेच पैशाचा. पार्कच्या आतल्या किंवा दारातल्या हॉटेलचे दर पाहिले की पोटात गोळा येतो. "लूट आहे बे नुसती!" असं म्हणून आपण पुढे सरकतो. या दरामागे एक जुनी गोष्ट आहे. 1955 मध्ये वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा पार्क बांधण्यातच त्याचे पैसे संपत आले होते. हॉटेल बांधायला हातात काही उरलं नाही, म्हणून शेजारचं डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर या दुसऱ्याच उद्योजकाने उभारलं. भोवताली मोटेलांची रांग लागली. गर्दी डिस्नेने जमवायची आणि मुक्कामाचे पैसे शेजाऱ्यांनी मोजायचे, असा प्रकार. डिस्ने ते विसरला नाही. फ्लोरिडात त्याने आधी सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन घेऊन ठेवली. तो 1966 मध्ये गेला, पण 1971 मध्ये तिथलं पार्क उघडलं ते स्वतःची दोन हॉटेलं सोबत घेऊनच. तिकिटापेक्षा मुक्कामात कमाई आहे, हे तेव्हापासून जगभरच्या पार्कवाल्यांना पक्कं कळलं. रामोजीच्या आतही खिसा पाहून सितारा, तारा, शांतिनिकेतन अशी वेगवेगळी हॉटेलं आहेत. तेव्हा दाराजवळच्या रूमचे जास्त पैसे तुम्ही पलंगाचे देत नाही, वाचलेल्या वेळेचे देता. ती वेळ तुमच्या घराला किती मोलाची आहे, एवढाच प्रश्न आहे.

आता हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पाच माणसं, दोन खोल्या, दोन रात्री. दोनच रात्री का? वंदे भारतने तुम्ही दुपारी पोचता आणि परतीची गाडीही दुपारचीच, म्हणजे पार्कसाठी मधला एकच पूर्ण दिवस मिळतो. समजा पार्कजवळची खोली सात हजारांची आणि शहरातली साडेतीन हजारांची. फरक झाला चौदा हजार. ऐकायला मोठा. पण शहरातून पार्कला जायला पाच जणांना मोठी गाडी लागेल, जाऊन-येऊन तीन हजार धरा. जवळच्या हॉटेलात नाश्ता धरलेला असेल आणि शहरातल्यात नसेल, तर दोन सकाळचे पाच जणांचे दीड हजार. खरा फरक उरला साडेनऊ हजार. तोही कमी नाहीच. पण आता तुलना खरी झाली. चौदा हजारांच्या धक्क्याने नाही म्हणणं वेगळं आणि साडेनऊ हजारांत काय मिळतं ते पाहून नाही म्हणणं वेगळं.

काय मिळतं? आमच्या मते आजी मिळते.

हे जरा नीट समजून घ्या. थीम पार्कचा बेत ठरताना घरात एक वाक्य हमखास येतं, "आजी तिथे काय करून राहील?" आणि मग आजीला काकांकडे ठेवायचं ठरतं. आजी पण म्हणते, "तुम्ही जाऊन या बाप्पा, मला काय करायचं." आपण ते खरं मानतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं. पण आजीला फिरायला नको असतं असं नाही. तिला सलग दहा तास पायावर राहणं नको असतं. तिला दुपारी पाठ टेकायला हवी असते. गोळी जेवणानंतर वेळेवर घ्यायची असते आणि स्वच्छ बाथरूम हाताशी हवं असतं. हॉटेल दहा मिनिटांवर असेल तर ती सकाळी तीन तास तुमच्यासोबत सेट पाहील, दुपारी खोलीवर जाईल, संध्याकाळी पुन्हा खुलून बसेल. हॉटेल दीड तासावर असेल तर तिच्यापुढे दोनच रस्ते आहेत. दिवसभर उन्हात बाकावर बसून तुमच्या पिशव्या सांभाळायच्या, नाहीतर अनोळखी शहरात बंद खोलीत टीव्ही पाहायचा. म्हणजे ती येणार की नाही, हे तुम्ही हॉटेल निवडता तेव्हाच ठरतं, तिला न विचारता.

हीच गोष्ट आईची. हॉटेलात नाश्ता नसेल तर सकाळी सहाला उठून चिवडा, ठेपले, इलेक्ट्रिक केटलमधला चहा कोण काढतं? सुट्टी तुमची, ड्युटी तिची. हीच गोष्ट बाबांची. तुम्ही गाडीने नेत असाल तर पाचशे किलोमीटर चालवून आलेल्या माणसाला पार्कच्या दिवशी पुन्हा सत्तर किलोमीटर शहरात चालवायला लावणं बरं नव्हे. आणि हीच गोष्ट सहा वर्षांच्या भाच्याची. त्याला अर्ध्या राइड्सवर उंचीच्या अटीमुळे बसू देत नाहीत, पण दुपारी झोप आली की रडायला काहीच अट नसते.

म्हणून आमचा सल्ला एका ओळीचा. हॉटेल घरातल्या सर्वांत लवकर दमणाऱ्या माणसाच्या घड्याळाने निवडा, सर्वांत उशिरा दमणाऱ्याच्या नाही. आणि सर्वांत उशिरा दमणारे तुम्हीच आहात, म्हणून तुमच्या एकट्याच्या पसंतीवर ही निवड सोडता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळ्यांना नाही परवडत. बरोबर आहे. मनीषनगरात गृहकर्जाचा हप्ता देऊन सुट्टीचे पैसे बाजूला काढणारी घरंच जास्त. त्यांच्यासाठी मधली वाट आहे. जवळच्या हॉटेलात दोन्ही रात्री राहायची गरज नाही. एकच परवडत असेल तर पार्कच्या आदल्या रात्रीची घेऊ नका, पार्कच्या दिवसाची घ्या. सकाळी माणूस ताजा असतो, पस्तीस किलोमीटर सहज जातात. संध्याकाळी तेच अंतर जीव काढतं. शिवाय बहुतेक हॉटेलांत चेक-इन दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान असतं, म्हणजे नेमकी आजीच्या आडवं होण्याच्या वेळी खोली हातात. पहिली रात्र शहरात स्वस्तात काढा, त्या संध्याकाळी चारमिनार पाहा. बॅगा दोनदा भरायचा त्रास तेवढा सोसावा लागेल. तो तुम्ही घ्या, आईवर टाकू नका.

आणि मित्रांचाच ग्रुप असेल तर? मग दिलसुखनगरकडे स्वस्त खोली घ्या, चौघांत वाटा, उरलेल्या पैशांची बिर्याणी खा. दमणारं कुणी नसेल तर दारातल्या हॉटेलसाठी पैसे मोजायचं कारण नाही. नियम तोच, उत्तर वेगळं.

बुकिंग करताना काही गोष्टी मात्र डोळे उघडे ठेवून करा. ॲपवर लाल अक्षरांत "फक्त एकच खोली शिल्लक" दिसलं की आपला अंगठा आपोआप पुढे जातो. अशी खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पानावर नवे चार्जेस काढणं, न विचारता विमा बिलात घुसवणं, हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2023 च्या नियमावलीत अनुचित ठरवलेलं आहे. तक्रारीसाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटीकडेही बघा. सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के कर आहे. म्हणजे 7500 ची खोली करासकट 7875 ला पडते आणि 7600 ची 8968 ला. शंभर रुपये चांगली खोली जवळपास अकराशेला पडली. हॉटेलच्या रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर तो देणं सक्तीचं नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरलंय.

आधी रेल्वेचं तिकीट कन्फर्म करा, मग रूमचे पैसे भरा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधीच उघडतं, तोपर्यंत पैसे परत न मिळणारी स्वस्त ऑफर घेणं म्हणजे जुगार. आणि "मॅनेजर बोलतोय, अर्धे पैसे यूपीआय करा" असा फोन आला तर थांबा. हॉटेलचा नंबर स्वतः शोधून उलट फोन करा. पैसे गेलेच तर लगेच 1930.

त्याच फोनवर चार प्रश्न विचारून घ्या. लिफ्ट आहे का? कमोड आहे का? एक्स्ट्रा बेड म्हणजे खरा बेड की जमिनीवर गादी? गादी असेल तर तिच्यावर तुम्ही झोपायचं, हे आत्ताच ठरवा. पॅकेजमध्ये पार्कचं तिकीट धरलंय का? आणि पार्कवाल्यांना विचारा, दुपारी बाहेर पडून पुन्हा आत येता येतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर जवळच्या हॉटेलचा अर्धा फायदा गेला. मग आत विश्रांतीला कुठे जागा आहे ते पाहून हिशोब पुन्हा मांडा.

फोटोंवर जाऊ नका. स्विमिंग पूल सगळ्यांचाच निळा दिसतो. रिव्ह्यू वाचायचेच तर पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे सोडा, तीन ताऱ्यांचे वाचा. त्यात "आईबाबांना घेऊन गेलो होतो" असं लिहिणारा कुणी सापडला तर त्याचं म्हणणं दोनदा वाचा.

घरात निर्णयाचा अधिकार मिळणं ही लहान गोष्ट नाही. अनेक वर्षं तुम्ही तक्रार केली की बाबा काही विचारत नाहीत, परस्पर ठरवतात. आता ठरवायची पाळी तुमची आली आहे. ती तुम्ही बाबांसारखीच परस्पर वापरणार, की जेवणाच्या ताटावर बसून विचारणार, "आजी, दुपारी किती वेळ पडावं लागतं गं तुला?" हा प्रश्न कुठल्याच ॲपच्या फिल्टरमध्ये नाही. तो तुम्हालाच विचारावा लागेल, आणि बुकिंगचं बटण दाबण्याआधी.