औषधाआधी कल्ला उघडून बघा



पहाटे कटला-रोहू वर येऊन तोंड उघडायला लागले की आपण दुकानातून औषध आणून तळ्यात ओततो. माझं स्पष्ट मत आहे, हे चुकतंय. पैसा जातो आणि मासाही.

आधी पाच-दहा जिवंत मासे धरा, कल्ला उचलून बघा. नेहमीसारखा लाल असेल तर बहुधा पाण्यात हवा कमी पडलीय. पंप लावा, खाद्य थांबवा. तपकिरी असेल तर पाणी बिघडलंय, थोडं बदला. फिका, चिकट, पांढऱ्या डागांचा किंवा कुजका असेल तर रोगाचा संशय धरा, मत्स्य खात्याला दाखवा. मेलेल्या माशावरून ठरवू नका, त्याचा कल्ला तसाही फिका पडतो.

नॉर्वे-स्कॉटलंडचे सालमन पाळणारे नमुन्याचे मासे काढून कल्ल्याला 0 ते 5 गुण देतात. 0 म्हणजे स्वच्छ, 5 म्हणजे बहुतेक कल्ला डागांनी झाकलेला. आकडा चढला की मर लागायच्या आधीच उपाय करतात.

शेततळं निपाणीचं असो नाहीतर हुक्केरीचं, आपल्याला एक वही पुरते. दर पंधरा दिवसांनी दहा मासे बघा आणि लिहा. पुढच्या बैठकीला वही घेऊनच या.

– आपला सचिव